श्रीदत्तोपासनेतील पादुका, मंत्र आणि चिन्हे

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या मंदिरात दर्शनासाठी येणाऱ्या भाविकांकडून, विशेषतः तरुण मंडळींकडून, काही प्रश्न वारंवार विचारले जातात. गाभाऱ्यात मुख्य स्थानी मूर्ती नसून पादुका का आहेत? नित्य जपासाठी कोणता मंत्र घ्यावा? दीक्षा नसताना मंत्र म्हटला तर चालतो काय? दत्तात्रेयांच्या हातातील आयुधे, भोवतीची गाय आणि श्वान यांचा अर्थ काय? आणि अलीकडे सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, पादुकांवरील अभिषेकाची पद्धत विश्वस्त मंडळाने का बदलली? या सर्व प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी निगडित आहेत, म्हणून ती एकत्र द्यावीत या हेतूने हा लेख आम्ही भाविकांच्या सेवेत सादर करीत आहोत.

स्मर्तृगामी दैवत

‘दत्त’ म्हणजे दिलेला आणि ‘आत्रेय’ म्हणजे अत्रिऋषींचा पुत्र. अत्री आणि अनसूया यांच्या तपश्चर्येने संतुष्ट होऊन भगवंताने स्वतःलाच त्यांच्या स्वाधीन केले, म्हणून हे नाव. नावातच दान आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंची कथा सांगितली आहे. पृथ्वी, वायू, आकाश, समुद्र, मधमाशी, अजगर, कुमारिका, बाण करणारा कारागीर अशा सर्वांपासून शिकणारा हा अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयच, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे.

या दैवताची दोन लक्षणे उपासकाने प्रथम ध्यानात घ्यावीत. पहिले लक्षण म्हणजे अखंड संचार. दत्तात्रेयवज्रकवचात त्यांचे स्नान वाराणसीस, जप कोल्हापुरास, भिक्षा माहुरास आणि शयन सह्यपर्वतावर सांगितले आहे. लोकपरंपरेत कोल्हापूर हे भिक्षेचे आणि माहूर हे निद्रेचे स्थान असेही मानतात. तपशील कोणताही घेतला तरी तात्पर्य एकच, की हे दैवत एका जागी मुक्काम करून राहणारे नाही. दुसरे लक्षण म्हणजे ‘स्मर्तृगामी’ हे विशेषण. जो स्मरण करील त्याच्याकडे तत्काळ जाणारा, असा त्याचा अर्थ.

दत्तोपासनेतील दोन मुख्य साधने या दोन लक्षणांतूनच समजतात. जो सतत पुढे चालला आहे, त्याची खूण म्हणजे पादुका. जो स्मरताच येतो, त्याला घातलेली साद म्हणजे मंत्र. उर्वरित सर्व चिन्हे या दोहोंच्या आधाराने उभी आहेत.

पादुका म्हणजे काय

पादुका म्हणजे पायांतील खडावा, तसेच पाषाणात, धातूत किंवा लाकडात कोरलेली पदचिन्हे. पादुकांच्या पूजनाचे सर्वांस परिचित असे प्राचीन उदाहरण रामायणातील आहे. श्रीराम वनवासात असताना भरताने त्यांच्या पादुका सिंहासनावर स्थापिल्या आणि स्वतः नंदिग्रामी राहून चौदा वर्षे राज्य सांभाळले. राज्य कोणाचे आहे याचे अखंड स्मरण त्या पादुका करून देत होत्या. धनी दूर असतानाही त्याची सत्ता मान्य करणे, हा पादुकापूजनाचा मूळ भाव आहे.

दत्तसंप्रदायात याच भावाला गुरुतत्त्वाची जोड मिळाली. गुरूचा देह काळाच्या अधीन असतो, परंतु ज्या मार्गाने तो चालला तो मार्ग राहतो. चरणचिन्हापुढे मस्तक ठेवणे म्हणजे त्या मार्गाने जाण्याचे मान्य करणे. मूर्तीकडे पाहताना दृष्टी मुखावर स्थिरावते. पादुकांपुढे ती आपोआप खाली वळते. नम्रतेचा हा पहिला पाठ कोणत्याही उपदेशाविना मिळतो.

प्रमुख दत्तस्थाने व तेथील पादुका

परंपरेनुसार श्रीदत्तात्रेयांचा कलियुगातील पहिला अवतार श्रीपाद श्रीवल्लभ यांचा. त्यांचे जन्मस्थान आंध्र प्रदेशातील पीठापूर आणि तपःस्थान कृष्णेच्या बेटावरील कुरवपूर. कुरवपूर हे कर्नाटकातील रायचूर परिसरात येते. दुसरा अवतार श्रीनृसिंहसरस्वती यांचा. त्यांचा जन्म विदर्भातील कारंजा येथे झाला. त्यांच्या संचाराने पावन झालेली तीन स्थाने पादुकांसाठी प्रसिद्ध आहेत.

१. औदुंबर, जिल्हा सांगली. कृष्णातीरावरील या स्थानी महाराजांनी एक चातुर्मास केला. येथील पादुकांस ‘विमल पादुका’ म्हणतात.

२. नृसिंहवाडी, जिल्हा कोल्हापूर. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील या स्थानी महाराजांचे बारा वर्षे वास्तव्य होते. येथून निघताना योगिनींच्या विनवणीवरून त्यांनी पादुका ठेवल्या, अशी कथा आहे. या ‘मनोहर पादुका’ होत.

३. गाणगापूर, जिल्हा कलबुर्गी, कर्नाटक. भीमा व अमरजा यांच्या संगमाजवळील या क्षेत्री महाराजांनी सुमारे दोन तपे वास्तव्य करून श्रीशैलास प्रयाण केले. मठात ज्या पादुका आहेत त्यांस ‘निर्गुण पादुका’ म्हणतात.

या स्थानांच्या पूजापद्धती एकसारख्या नाहीत, ही गोष्ट भाविकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. नृसिंहवाडीस पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडील द्वारातून बाहेर पडते. हाच ‘दक्षिणद्वार सोहळा’. त्या द्वारी स्नान करण्यासाठी दुरून भाविक येतात. पाणी वाढू लागले की उत्सवमूर्ती वरच्या जागी हलविली जाते, पादुका मात्र आपल्या स्थानीच राहतात आणि त्यांना अभिषेक करण्याचे काम साक्षात नदी करते. याच्या अगदी उलट पद्धत गाणगापुरी आहे. तेथील निर्गुण पादुकांवर पाणी घालीत नाहीत. त्यांना केशर व अष्टगंध यांचे लेपन होते, आणि दर्शनही लहानशा झरोक्यातून घ्यावयाचे असते. एकीकडे नदीचा पूर, दुसरीकडे जलाचा एक थेंबही नाही. एकाच सद्गुरूंच्या दोन स्थानी या दोन रीती निष्ठेने चालत आल्या आहेत आणि कोणत्याही भाविकाने त्यांपैकी एकीला उणे मानलेले नाही.

गुजरातेतील भाविकांना जवळचे असे आणखी एक स्थान म्हणजे जुनागढनजीकचा गिरनार. सहस्रावधी पायऱ्या चढून गेल्यावर दत्तशिखरावर दर्शन घडते ते पादुकांचेच. इतके कष्ट करून पोहोचल्यावर पुढ्यात केवळ पदचिन्हे असतात आणि भोवती मोकळे आकाश. संचारी दैवताचे याहून अधिक बोलके मंदिर दुसरे नसावे.

मंत्र

मननाने जो तारतो तो मंत्र, अशी त्याची पारंपरिक व्युत्पत्ती सांगतात. दत्तोपासनेतील मंत्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार बीजमंत्रांचा. श्रीदत्तात्रेयांचे बीज ‘द्रां’ हे आहे. बीज म्हणजे ज्यात संपूर्ण वृक्ष साठवला आहे असे अक्षर. त्याचा कोशात अर्थ शोधू नये. उच्चार, स्वर व आघात यांना येथे महत्त्व असल्याने बीजमंत्र अधिकारी व्यक्तीच्या मुखातून घ्यावा, असा शिष्टसंकेत आहे. अथर्ववेदाशी संबद्ध मानल्या जाणाऱ्या दत्तात्रेयोपनिषदात एकाक्षरी, षडक्षरी, अष्टाक्षरी, द्वादशाक्षरी, षोडशाक्षरी असे मंत्र क्रमाने आले आहेत.

दुसरा प्रकार बीजयुक्त नाममंत्रांचा. यांतील अष्टाक्षरी मंत्र सर्वांत प्रचलित आहे. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. आरंभी ‘द्रां’ हे बीज, नंतर ‘दत्तात्रेय’ या नामाचे चतुर्थी विभक्तीचे पाच अक्षरी रूप आणि शेवटी ‘नमः’ ही दोन अक्षरे, अशी एकूण आठ अक्षरे होतात. आरंभी प्रणव जोडण्याचीही प्रथा आहे. शाळेत शिकलेले व्याकरण आठवले तर या मंत्राचा भाव उलगडतो. चतुर्थी ही संप्रदानाची, म्हणजे देण्याची विभक्ती. ‘नमः’ याचा अर्थ ‘नमस्कार’ असा आपण करतो. परंतु ‘न मम’, म्हणजे ‘हे माझे नव्हे’, असाही त्याचा अर्थ परंपरेने सांगितला आहे. ज्याचे नावच ‘दिलेला’ असे आहे, त्याला आपले ‘मी’पण देणे, एवढे सारे या आठ अक्षरांत आहे.

तिसरा प्रकार शुद्ध नाममंत्रांचा. परमहंस परिव्राजकाचार्य श्रीवासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच श्रीटेंब्ये स्वामी, यांनी प्रचलित केलेला अठरा अक्षरी नाममंत्र आज दत्तमंदिरांतून सर्वत्र ऐकू येतो. ‘दिगंबरा’ हे चार अक्षरी संबोधन दोन वेळा, मग ‘श्रीपाद’ व ‘वल्लभ’ ही प्रत्येकी तीन अक्षरी पदे आणि अखेर पुन्हा एकदा ‘दिगंबरा’. यात बीज नाही, विभक्तीचे बंधन नाही, केवळ हाक आहे. दिशा हेच ज्याचे वस्त्र तो दिगंबर. म्हणजे ज्याला कोणत्याही एका वेषात, गावात वा भाषेत बांधता येत नाही असा. हा मंत्र टाळ्यांच्या वा टाळांच्या ठेक्यावर, पालखीबरोबर चालताना किंवा घरकाम करतानाही म्हणता येतो.

येथे वारंवार येणाऱ्या शंकेचे उत्तर देणे इष्ट होईल. नाममंत्रास दीक्षेची अट नाही. वय, जात, लिंग, शिक्षण यांपैकी कशाचाही अडसर त्यास नाही. गुरुचरित्राच्या मूळ पोथीचे पारायण स्त्रियांनी करावे किंवा कसे, याविषयी निरनिराळ्या स्थानी निरनिराळे संकेत आढळतात. ज्या घरी जो संकेत असेल त्याचा निर्णय त्या घराने करावा. नाममंत्राबाबत असा प्रश्नच उद्भवत नाही.

जपाची पद्धत

जप तीन प्रकारचा सांगितला आहे. दुसऱ्यास ऐकू येईल असा तो वाचिक, ओठ हलतात परंतु शब्द बाहेर पडत नाहीत तो उपांशु आणि केवळ मनात चालतो तो मानस. वाचिकापेक्षा उपांशु व उपांशूपेक्षा मानस जप श्रेष्ठ मानला जातो. नवोदितांनी मात्र वाचिक जपापासूनच आरंभ करावा, कारण मन भटकले तरी कान त्याला परत आणतात.

माळेत १०८ मणी असतात. मोजताना एक माळ म्हणजे शंभर जप धरतात. वरचे आठ अनवधानाने झालेल्या चुकांसाठी सोडून देतात. मेरुमणी ओलांडू नये, तेथून माळ फिरवून परत यावे. पुरश्चरणाचा सर्वसाधारण नियम ‘अक्षरलक्ष’ असा आहे, म्हणजे मंत्रात जितकी अक्षरे तितके लक्ष जप. अष्टाक्षरी मंत्राचे पुरश्चरण आठ लक्ष जपांचे, अर्थात ८,००० माळांचे. नित्य दहा माळा केल्या तर ते ८०० दिवसांत, म्हणजे दोन वर्षे व सुमारे सव्वादोन महिन्यांत पूर्ण होईल. दहा माळांस साधारण पाऊण तास लागतो. हा हिशेब आम्ही अशासाठी दिला, की आठवड्याभरात ‘मंत्रसिद्धी’ करून देण्याच्या जाहिराती अनेक भाविकांच्या पाहण्यात येतात. शास्त्राची रीत आणि त्या जाहिराती यांतील अंतर या आकड्यांवरून कोणासही समजेल. ज्यांना इतका वेळ देणे शक्य नाही त्यांनी पुरश्चरणाच्या मागे न लागता रोज एक माळ ठरलेल्या वेळी करावी. संख्येपेक्षा सातत्य मोठे.

मूर्ती व तिच्यावरील चिन्हे

आपल्या सभामंडपातील त्रिमुखी मूर्ती उत्सवप्रसंगी पूजिली जाते. तीन मुखे व सहा हात असे हे स्वरूप आज सर्वपरिचित आहे. त्याचबरोबर एकमुखी दत्तमूर्तीचीही परंपरा आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात श्रीदत्तात्रेय प्रभूंना पंचकृष्णांत स्थान आहे आणि तेथे त्यांचे स्वरूप एकमुखीच मानतात.

त्रिमुखी मूर्तीच्या हातांतील चिन्हे अशी : खालील दोन हातांत माला व कमंडलू, मधल्या दोन हातांत डमरू व त्रिशूळ, वरील दोन हातांत शंख व चक्र. पहिली जोडी ब्रह्मदेवाची, दुसरी शिवाची, तिसरी विष्णूची. शैव व वैष्णव असा भेद ज्या भूमीत कधीकाळी तीव्र होता, तेथे एकाच देहावर या खुणा एकत्र नांदल्या हे या मूर्तीचे फार मोठे कार्य आहे.

पायांशी असलेले चार श्वान म्हणजे चार वेद आणि मागे उभी असलेली गाय म्हणजे पृथ्वी, असा अर्थ परंपरेत रूढ आहे. व्यवहारात ज्या प्राण्यास आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो, त्यालाच वेदांचे प्रतीक मानून देवाच्या चरणाशी बसविले, यावर उपासकाने क्षणभर थांबून विचार करावा. खांद्यावरील झोळी ही भिक्षेची खूण. भिक्षा म्हणजे जे मिळेल त्यात संतोष. गाणगापुरी आजही भाविक माध्यान्हकाळी माधुकरी मागतात. घरी सुबत्ता असलेले गृहस्थही त्या वेळी झोळी पसरतात, कारण देण्यापेक्षा मागताना अहंकार लवकर गळतो.

चिन्हांविषयी एक सूचना. चिन्ह हे अर्थाकडे नेण्यासाठी असते. तांब्याच्या पत्र्यावरील दत्तयंत्र घरात टांगल्याने कर्ज फिटेल किंवा परीक्षेत यश येईल, असे आश्वासन आमच्या मंदिरातर्फे कोणासही दिले जात नाही. मंदिरात यंत्रे, रत्ने, ताईत यांची विक्री होत नाही आणि मंत्र देण्यासाठी कोणतेही शुल्क आकारले जात नाही. मंदिराच्या नावाने कोणी असे शुल्क मागितल्यास कार्यालयास त्वरित कळवावे.

औदुंबर

‘उंबराचे फूल’ हा दुर्मीळ वस्तूसाठी वापरला जाणारा वाक्प्रचार सर्वांस ठाऊक आहे. उंबराला फुले येतात, पण ती फळाच्या आत दडलेली असतात. वनस्पतिशास्त्रात ‘फायकस रेसिमोसा’ या नावाने ओळखला जाणारा हा वृक्ष वड व पिंपळ यांच्याच कुळातला. त्याची फळे थेट खोडावर व जाड फांद्यांवर लगडतात आणि पशुपक्ष्यांना भरपूर अन्न पुरवितात.

गुरुचरित्रात औदुंबराचे माहात्म्य सांगताना नृसिंहावताराची कथा आली आहे. हिरण्यकशिपूचे विदारण केल्यावर त्याच्या विषाने नृसिंहाच्या नखांचा दाह होऊ लागला, तेव्हा लक्ष्मीने औदुंबराची फळे आणली आणि त्यांत नखे रोवताच दाह शमला. म्हणून औदुंबराच्या मुळाशी श्रीदत्तांचे सान्निध्य मानले जाते. क्रोध निवविणारा वृक्ष, अशी ही खूण आहे. फूल आत, फळ सर्वांसाठी उघडे. हा गुणही दत्तभक्तास अनुकरणीय वाटावा.

मंदिराच्या आवारातील औदुंबरास प्रदक्षिणा घालणाऱ्यांनी बुंध्यावर दूध, तेल अथवा कुंकू ओतू नये, प्लास्टिकचे दोरे बांधू नयेत. मुळांना श्वास घेता यावा म्हणून पाराभोवतीची फरशी काढून माती मोकळी ठेवली आहे. तेथे साधे पाणी घालणे हीच उत्तम पूजा होय.

नर्मदातीरावरील दत्तभक्ती

गायकवाडांच्या राज्यकाळात बडोद्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी आपापली कुलदैवते व पोथ्या बरोबर आणल्या. दत्तभक्तीला मात्र या भूमीत नवा बहर आला तो नर्मदेच्या काठी. श्रीवासुदेवानंद सरस्वती यांचा जन्म १८५४ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माणगावी झाला. १८९१ साली संन्यास घेतल्यावर त्यांनी भारतभर पायी संचार केला, द्रव्याला स्पर्श न करण्याचे व्रत पाळले आणि संस्कृत व मराठीत विपुल रचना केली. १९१४ साली आषाढ शुद्ध प्रतिपदेस ते गरुडेश्वर येथे समाधिस्थ झाले. दत्तमंदिरांतून म्हटली जाणारी करुणात्रिपदी त्यांचीच रचना होय.

त्यांच्या परंपरेतील श्रीरंग अवधूत महाराज (१८९८ ते १९६८) यांचा जन्म गोध्रा येथे मराठी कुटुंबात झाला. बडोदे जिल्ह्यातील नारेश्वर ही त्यांची तपोभूमी. त्यांनी १९३५ साली रचलेली ‘दत्तबावनी’ गुजराती भाषेत आहे आणि गुजरातेतील असंख्य घरांतून ती नित्य म्हटली जाते. घरची भाषा मराठी असलेल्या या सत्पुरुषाने भोवतालच्या समाजासाठी गुजरातीत स्तोत्र रचले. त्याआधी काही शतके, मूळचे कन्नडभाषी मानले जाणारे सरस्वती गंगाधर यांनी मराठीत गुरुचरित्र रचले होते. दत्तसंप्रदायाने भाषेच्या सीमा अशा रीतीने दोन्ही बाजूंनी ओलांडल्या आहेत.

आपल्या मंदिरासमोरील आजची एक चिंताही याच संदर्भात मांडतो. आपली मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, परंतु पोथी वाचू शकत नाहीत. दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायणास बसणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत आहे. यावर उपाय म्हणून नाममंत्र, करुणात्रिपदी व आरत्या गुजराती लिपीत छापून उपलब्ध केल्या आहेत. काही ज्येष्ठांना हे रुचलेले नाही. मराठी वाचनाचा वर्ग दर रविवारी चालू आहेच आणि तो चालूच राहील. परंतु मूल मराठी वाचायला शिकेपर्यंत त्याला नामापासून दूर ठेवावे, हे आम्हांस उचित वाटत नाही.

पादुकांवरील अभिषेकाविषयी

आता त्या प्रश्नाकडे वळू, ज्याविषयी कार्यालयात अनेकांनी लेखी नापसंती नोंदविली आहे.

आपल्या गाभाऱ्यातील पादुका संगमरवरी आहेत. उजव्या चरणावर चक्र व डाव्या चरणावर शंख कोरलेला आहे. अनेक वर्षे दररोज भाविकांच्या हस्ते पंचामृताचे अभिषेक होत आले. गुरुवारी व उत्सवकाळी त्यांची संख्या फारच वाढत असे. संगमरवर हा चुनखडीपासून बनलेला दगड. दह्यातील आम्लाने त्याचा पृष्ठभाग हळूहळू विरतो, तूप व दुधाचा स्निग्धांश रंध्रांत बसतो आणि तो काढण्यासाठी केलेल्या घासण्याने झीज आणखी वाढते. आज चक्राच्या आऱ्या दिसतात, परंतु शंखाची आकृती बोटानेही जाणवत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळाने पुढील व्यवस्था ठरविली आहे. पहाटेच्या पूजेत पुजाऱ्यांच्या हस्ते पादुकांवर केवळ शुद्ध जलाचा एक अभिषेक होईल. त्यानंतर दिवसभर गंधलेपन, तुळस व पुष्पे. भाविकांचे संकल्पपूर्वक पंचामृत अभिषेक पंचधातूच्या उत्सवपादुकांवर गाभाऱ्यासमोरच होतील. मुख्य पादुकांचे स्पर्शदर्शन वर्षातून चार दिवस, म्हणजे गुरुपौर्णिमा, गुरुद्वादशी, दत्तजयंती आणि गुरुप्रतिपदा या दिवशी सर्वांस खुले राहील.

यावर घेतलेला मुख्य आक्षेप आम्ही मनापासून समजू शकतो. ज्या कुटुंबात तीन पिढ्यांपासून गुरुवारचा अभिषेक आहे, त्यांना हात मागे घ्यावा लागणे क्लेशदायक आहे. वृद्ध भाविकांपैकी काहींना वर्षभराने येणाऱ्या स्पर्शदर्शनाची वाट पाहणेही कठीण वाटते. अशा वयोवृद्ध व आजारी भाविकांसाठी पुजाऱ्यांना सांगून स्पर्शदर्शनाची सोय केली जाईल. त्यासाठी कोणतेही शुल्क वा शिफारस लागणार नाही. ‘पादुका झिजल्या तर झिजू द्याव्यात, देव झिजत नाही’, असेही काहींनी म्हटले. हे खरे आहे. परंतु खूण ही आपल्या एकट्याच्या मालकीची नसते. आपल्या आजोबांनी ज्या शंखावर बोट ठेवले तो आपल्याला मिळाला. आपल्या नातवंडांना चक्र तरी मिळावे एवढीच आमची इच्छा आहे. पादुका अगदी झिजल्यास शास्त्रानुसार त्यांचे विसर्जन करून नव्या स्थापाव्या लागतील, आणि तो प्रसंग आपल्या हातून लवकर ओढवू नये.

ही पद्धत परंपरेला सोडून आहे, असेही कोणी मानू नये. वर सांगितल्याप्रमाणे गाणगापुरी निर्गुण पादुकांवर पाणी पडत नाही, आणि तेथील भक्तीला कोणतीही उणीव आलेली नाही. शिवाय ज्याचे विशेषणच स्मर्तृगामी आहे, त्याच्यापर्यंत पोहोचण्यास दूध वा दही यांची वाट लागत नाही. अभिषेकासाठी जो वेळ आपण देत होतो, तोच पादुकांसमोर बसून एक माळ जप करण्यास द्यावा, ही नम्र विनंती.

वार्षिक उत्सव

गुरुपौर्णिमा : आषाढ पौर्णिमा.
गुरुद्वादशी : आश्विन वद्य द्वादशी. श्रीपाद श्रीवल्लभ यांचा निजानंदगमन दिन.
दत्तजयंती : मार्गशीर्ष पौर्णिमा. जन्मकाळ सायंकाळी. त्यापूर्वी सप्ताहभर गुरुचरित्र पारायण.
गुरुप्रतिपदा : माघ वद्य प्रतिपदा. श्रीनृसिंहसरस्वती यांचा श्रीशैलगमन दिन.

पारायणास बसू इच्छिणाऱ्यांनी सप्ताहापूर्वी कार्यालयात नाव नोंदवावे. ज्यांना मराठी वाचन अवघड जाते, त्यांनी श्रवणासाठी अवश्य यावे. श्रवण हीदेखील भक्तीच आहे. अभिषेकाच्या नव्या व्यवस्थेविषयी ज्यांच्या काही सूचना असतील, त्यांनी त्या लेखी द्याव्यात. येत्या गुरुपौर्णिमेनंतरच्या सभेत त्या सर्व वाचून त्यांवर विचार केला जाईल.

सर्व भाविकांवर श्रीगुरूंची कृपा असो, ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ श्रीदत्तात्रेयार्पणमस्तु ॥

सचिव,
विश्वस्त मंडळाकरिता